रात्रीचं हळद-दूध: आईच्या पेल्यात नेमकं काय आणि किती, हे कसं तपासायचं

रात्री पावणेतीनला आईने बाथरूमच्या दाराची कडी धरली, म्हणून ती पडली नाही. "काही नाही गं, जरा गरगरलं," म्हणून ती परत जाऊन झोपली. सकाळी मोरीत स्टीलचा पेला दिसला. तळाशी पिवळं कडं, त्यात मिरीचे कण आणि तुपाचा ओशटपणा. चौकशी केल्यावर कळलं, तीन आठवडे रोज रात्री 'सोनेरी दूध' चालू होतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फॉरवर्ड पाठवला होता: साठीनंतर प्रत्येकाने झोपताना हे घ्यावं, गुडघे, झोप, साखर, स्मरणशक्ती, यकृत, सगळं सुधारतं.

दुधामुळेच ती गरगरली असं मी म्हणत नाही. त्याच महिन्यात तिची बीपीची गोळीही बदलली होती. पण गोळी बदलल्याचं मला माहीत होतं आणि दुधाचं नव्हतं, ही गोष्ट मनात राहिली.

आम्ही सांगलीचे. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जवळच्या हरिपूरच्या पेवांमधली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली, हळद आजोबांनी पाहिलेली. सांगलीत राहून हळदीवर शंका घेणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला नाव ठेवणं. मी नाव ठेवत नाहीच आहे. लहानपणी खोकला झाला की आजी हळद घालून दूध द्यायची, तीन दिवस, फार तर चार. बरं वाटलं की पेला बंद. आजीच्या उपायाला एक निमित्त होतं आणि एक मुदत होती. फॉरवर्डने हळद घेतली, दूध घेतलं, आणि या दोन्ही गोष्टी टाकून दिल्या. 'रोज, कायम, सगळ्यांनी' हा भाग आजीचा नाही.

असा कुठलाही उपाय घरात शिरला की तो कसा तपासायचा, ते हळद-दुधाच्याच उदाहरणाने सांगते. लसणाची पाकळी, मेथीचं पाणी, बेंबीत तेल, काहीही असलं तरी रीत तीच.

पहिली पायरी: आधी भांडू नका, एक पेला मागा

"आई, कशाला व्हॉट्सअ‍ॅपवरचं ऐकतेस?" हे वाक्य मी आधी वापरून पाहिलं आहे. त्याचा परिणाम एवढाच होतो की पुढचा उपाय आपल्याला कळत नाही. या वेळी मी म्हटलं, "मलाही करून दे ना एक." आईचा चेहरा खुलला आणि तिने माझ्यासमोर ते दूध केलं.

फॉरवर्डमध्ये 'चिमूटभर हळद' होतं. आईने घातला शीग लावलेला चमचा, "थोडी जास्तच बरी" म्हणत. मिरीचे सात दाणे ठेचले. जायफळ किसणीवर किसलं, चांगलं पाव चमचा. अश्वगंधाची पूड काकूंनी डबीतून दिली होती, ती अर्धा चमचा. साजूक तूप. शेवटी उकळत्या दुधात मध. (हे सगळं 'आयुर्वेद सांगतो' म्हणून चाललेलं, आणि गरम पदार्थात मध घालू नये हा नियम आयुर्वेदाचाच. तिथेच फॉरवर्ड लिहिणाऱ्याची परीक्षा झाली.)

तेव्हा कृती विचारू नका, करताना बघा. वडीलधारी माणसं मापाने नाही, हाताच्या अंदाजाने घालतात, आणि वयानुसार हात सैल सुटतो.

दुसरी पायरी: वजन करा

स्वयंपाकघरातला लहान काटा पुरतो. हळदीचा सपाट छोटा चमचा साधारण ३ ग्रॅम भरतो, आईचा शीग लावलेला भरला ५. हळदीत ज्याची सगळी चर्चा असते ते कुरक्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे आईच्या पेल्यात सुमारे १५० मिलिग्रॅम कुरक्युमिन.

हा आकडा दोन बाजूंनी तोलून बघण्यासारखा आहे. कुरक्युमिन खाद्यरंग म्हणूनही वापरतात. त्यासाठी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त समितीने, आयुष्यभर रोज पोटात गेलं तरी चालेल अशी मर्यादा ठरवली आहे: शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत. आईचं वजन ५२ किलो, म्हणजे मर्यादा १५६. एका पेल्यातच ती जवळपास गाठली, आमटी-भाजीतली हळद वेगळीच. एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून काही होत नाही. पण 'घरचंच आहे, कितीही घ्या' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरी बाजू उलटी आहे. गुडघेदुखीवर कुरक्युमिनचे जे प्रयोग झाले, त्यांत बहुतेक ठिकाणी दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आसपास अर्क दिला होता. तेवढं स्वयंपाकाच्या हळदीतून मिळवायचं तर रोज ३३ ग्रॅम, म्हणजे अकरा सपाट चमचे. एवढी हळद आपल्याकडे फक्त लग्नाच्या आदल्या दिवशी लागते, तीही अंगाला.

म्हणजे प्रयोगातला गुण मिळावा इतकी हळद पेल्यात नाही, आणि बिनधास्त राहावं इतकी कमीही नाही.

जायफळाचंही बघा. बाळगुटीत जायफळाचे सहाणेवर दोन वेढे द्यायचे. त्यातून येतं ते नखावर मावेल एवढं. किसणीवर पाच सेकंदांत त्याच्या कितीतरी पट पडतं. अख्खं जायफळ साधारण पाच-सहा ग्रॅमचं असतं, आणि पाच ग्रॅमच्या आसपास पोटात गेल्यावर तोंडाला कोरड, धडधड, गरगर, भ्रम असे प्रकार नोंदले गेले आहेत. आईचं पाव चमचा त्यापेक्षा बरंच कमी होतं. पण रोजचं होतं, शिवाय गुंगी आणणारी अश्वगंधा सोबतीला होती. सहाण जाऊन किसणी आली की औषधाची मात्रा बदलते, हे लिहून कळवायला कुणाला सुचलेलं नसतं.

तिसरी पायरी: पेल्याशेजारी गोळ्यांचा डबा ठेवा

अक्षरशः ठेवा. टेबलावर एकीकडे पेल्यातले जिन्नस, दुसरीकडे रोजच्या सगळ्या पट्ट्या. आईच्या डब्यात होतं: रक्त पातळ राहायला अ‍ॅस्पिरिन ७५, बीपीची गोळी, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, सकाळी थायरॉइड.

हळदीतलं कुरक्युमिन रक्तातल्या बिंबाणूंचं (प्लेटलेट्सचं) चिकटणं कमी करू शकतं. भाजीतल्या हळदीने काही बिघडत नाही. पण अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असताना रोजची चमचाभर हळद किंवा हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. वॉरफेरिनवाल्यांनी तर मुळीच नाही, कारण त्यांचं रक्त किती पातळ आहे हे तपासून डोस ठरवलेला असतो आणि तो सहज डळमळतो. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर 'काही औषधं चालू आहेत का' या प्रश्नाच्या उत्तरात हा पेलाही येतो.

मिरीची गोष्ट जास्त मजेशीर आहे. 'मिरी घातल्याने हळद २००० टक्के जास्त लागू पडते' हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. ते हवेतून आलेलं नाही. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी तो प्रयोग केला. २ ग्रॅम शुद्ध कुरक्युमिनबरोबर मिरीतलं पिपेरिन २० मिलिग्रॅम दिल्यावर रक्तातलं प्रमाण तेवढं वाढलं. पण नुसतं कुरक्युमिन दिल्यावर रक्तात जवळपास काहीच सापडत नव्हतं. जवळपास शून्याची वीसपट म्हणजे किती, ते आपण समजून घ्यायचं. शिवाय रक्तात वाढलं म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही. गुडघ्याबद्दल त्या प्रयोगात काही विचारलेलंच नव्हतं.

हे पिपेरिन काम कसं करतं? आतडं आणि यकृत बाहेरच्या द्रव्यांचा निचरा करतात, त्या कामाचा वेग ते कमी करतं. हळदीपुरता तो कमी होतो आणि गोळ्यांना सोडून देतो असं नसतं. फिटच्या फेनिटॉइनचं, बीपी-धडधडीसाठीच्या प्रोप्रनोलॉलचं रक्तातलं प्रमाण पिपेरिनमुळे वाढल्याचं दिसलेलं आहे. रस्समात मिरी खाल्ली म्हणून घाबरू नका. रोज ठरावीक वेळी, गोळ्यांच्या जोडीला, सात दाणे ठेचून घेणं हे मात्र वेगळं प्रकरण आहे.

अश्वगंधा थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते, साखर आणि बीपी थोडे खाली आणू शकते, झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढवू शकते. काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. वैद्यांनी नाडी बघून, मुदत ठरवून दिलेली अश्वगंधा निराळी, काकूंच्या डबीतली निराळी. आईच्या गोळ्यांची यादी पुन्हा वाचा: बीपी, साखर, थायरॉइड. तिन्हींना या एका पुडीचा धक्का लागतो.

आणि दूध? लोहाची गोळी, थायरॉइडची गोळी, हाडांसाठीची अ‍ॅलेंड्रोनेट, डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविकं, यांतलं काहीही दुधाबरोबर घेऊ नये. दुधातलं कॅल्शियम ती शोषू देत नाही. पेलाभर दुधात दहाएक ग्रॅम दुधाची साखर असतेच, वर मध घातला की मधुमेह्याने हिशेब करावा. शिवाय झोपायच्या तोंडावर पेलाभर पातळ घेतलं की मध्यरात्री उठणं आलं. अंधार, बीपीची गोळी, ओली फरशी. म्हातारपणी हळदीपेक्षा मला याच गोष्टीची जास्त भीती वाटते.

आधी विचारल्याशिवाय सुरूच करू नये अशी माणसंही आहेत: पित्ताशयात खडे किंवा पित्तनलिकेत अडथळा असलेले, यकृताचा आजार असलेले, मूतखड्याचा त्रास असलेले (हळदीत खडे वाढवणारं ऑक्झलेट भरपूर असतं), लोह कमी असलेले, आणि हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेले.

चौथी पायरी: दावे सुटे करा

फॉरवर्डमधलं प्रत्येक वाक्य कागदावर वेगळ्या ओळीत लिहा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवा: कुठला आकडा किंवा कुठली खूण बदलली तर हे खरं म्हणायचं? 'रक्त शुद्ध होतं', 'विषारी द्रव्यं बाहेर पडतात' यांना उत्तरच नाही. त्या ओळी खोडा. आमच्या कागदावर नऊपैकी चार तिथेच गेल्या.

गुडघ्यांचा दावा अगदी पोकळ नाही. अर्काच्या प्रयोगांत दुखणं काहीसं कमी झालेलं दिसतं, पण प्रयोग बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांचे, आणि मात्रेचा फरक वर पाहिलाच. स्मरणशक्तीसाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला २०१८ चा अभ्यास पुढे करतात. ५१ ते ८४ वयाचे, स्मृतिभ्रंश नसलेले ४० जण, दीड वर्ष, आणि चाचण्यांत सुधारणा दिसली हेही खरं. पण ते घेत होते ते सहज शोषलं जाईल असं खास बनवलेलं कुरक्युमिन, दिवसातून दोनदा. चाळीस माणसं म्हणजे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची एक सहल. त्यावरून साऱ्या महाराष्ट्राच्या आई-वडिलांना सल्ला देता येत नाही.

झोपेचं श्रेय दुधातल्या ट्रिप्टोफॅन या घटकाला देतात. पेलाभर दुधात ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास. झोपेवरच्या प्रयोगांत ग्रॅम-ग्रॅम दिलेलं होतं. तरी गरम दुधाने झोप येते असं कितीजण सांगतात आणि मी त्यांना खोटं पाडणार नाही. साडेनऊला टीव्ही बंद, गॅसपाशी पाच मिनिटं, मग पलंगावर बसून घोट घोट पिणं: यातलं बरंचसं काम त्या ठरलेल्या क्रमाचंही असेल. बाबा गेल्यापासून आईच्या रात्री साडेनऊनंतर मोकळ्या पडल्या होत्या. या पेल्याने त्यांना काहीतरी काम दिलं होतं. तपासताना हेही कागदावर लिहावं.

'यकृत सुधारतं' या दाव्यावर मात्र लाल पेन. २०२२ साली अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीशी जोडलेली १० प्रकरणं मांडली. त्यातल्या सातजणांत एकच जनुकीय खूण सापडली. हे रोजच्या वरणातल्या हळदीबद्दल नाही, सप्लिमेंटबद्दल आहे. पण ज्या अवयवाचं भलं होणार म्हणून फॉरवर्ड फिरतोय, त्याच अवयवाची ही तक्रार आहे.

आणखी एक हमखास वाक्य: 'अमेरिकेनेही हळदीचं पेटंट घ्यायचा प्रयत्न केला, म्हणजे बघा!' बघूच. १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण तिथे सिद्ध झालं ते हे की हा वापर नवा नाही, आपल्याकडे आधीपासून माहीत आहे. गुण येतो की नाही हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. आणि विषय जखमेचा होता, साखरेचा किंवा स्मरणशक्तीचा नाही.

पाचवी पायरी: हळद कुठली?

दुकानात आता 'गोल्डन मिल्क' नावाच्या तयार बरण्या मिळतात. मागची बाजू वाचा. घटकांत पहिली साखर असेल तर तुम्ही पिवळी साखर विकत घेताय. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असला म्हणजे बनवणाऱ्याकडे परवाना आहे, एवढंच. पुढच्या बाजूचा दावा कुणी तपासला आहे असं नाही.

सुटी, डोळ्यांत भरणारी पिवळीधमक हळद टाळा. बांगलादेशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला रंग, चोळत असल्याचं उघड झालं होतं. घरी पेलाभर पाण्यात चमचाभर पूड न ढवळता टाकून पाहता येते: चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेला असला तर पाणी गडद होतं. ही चाचणी पक्की नाही, शिसं डोळ्यांना दिसत नाही. शक्य असेल तर हळकुंडं ओळखीच्या माणसाकडून घेऊन दळून आणावीत.

सहावी पायरी: डॉक्टरांना नीट प्रश्न विचारा

"डॉक्टर, हळदीचं दूध चालेल का?" "चालेल की, घरचंच आहे." हा संवाद मी दोनदा ऐकला आहे आणि चूक डॉक्टरांची नाही. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळतं. तिसऱ्या वेळी मी चिठ्ठी नेली: रोज रात्री १० वाजता, दूध २०० मिली, हळद ५ ग्रॅम, मिरी ७ दाणे, जायफळ पाव चमचा, अश्वगंधा अर्धा चमचा, मध एक चमचा, खाली पाचही गोळ्या वेळेसकट, आणि शेवटी 'अमुक तारखेला रात्री पावणेतीनला चक्कर'. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि चिठ्ठी दोनदा वाचली. अश्वगंधा, मिरी, जायफळ, मध बंद. बीपीची गोळी रात्रीऐवजी सकाळी. हे आईपुरतं, तुमच्या गोळीची वेळ तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

वैद्यांकडे जात असाल तर हीच चिठ्ठी त्यांनाही दाखवा. अडचण अ‍ॅलोपॅथी की आयुर्वेद ही नसते, दोघांना एकमेकांचं माहीत नसणं ही असते.

सातवी पायरी: करून बघायचंच असेल तर

परवानगी मिळाली की आधी एक आठवडा हे दूध न घेता नुसती वही लिहा: किती वाजता पाठ टेकली, झोप अंदाजे कधी लागली, रात्री किती वेळा उठणं झालं, सकाळी गुडघा दहापैकी किती दुखला, मधुमेह असेल तर उपाशीपोटीची साखर. हा आठवडा सगळे गाळतात, आणि मग तुलना कशाशी करायची तेच राहत नाही.

मग एकच गोष्ट सुरू करा. अर्धा पेला दूध, पाव सपाट चमचा हळद, साखर-मध नाही, झोपायच्या दोन तास आधी. दोन आठवडे. दूध पिऊन लगेच आडवं होऊ नये, छातीत जळजळ असणाऱ्यांनी तर नाहीच. दोन आठवड्यांत वहीत फरक दिसला नाही तर बंद. दिसला तरी मध्ये आठवडाभर थांबून बघा, फरक जातो का.

हिरड्यांतून रक्त, कारण नसताना काळेनिळे डाग, डांबरासारखी काळी शौचाला, गडद लघवी, अंगाला खाज, डोळे पिवळे, भूक मेलेली, चक्कर, रात्री घाम सुटून थरथर: यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे. थरथर साखर उतरल्याची असू शकते, तेव्हा आधी ग्लुकोमीटर. ग्लुकोमीटर नसेल किंवा आकडा ७० च्या खाली असेल तर आधी साखर-पाणी, मग फोन.

आणि हे सगळं करताना बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा लहान दिवा लावा. स्वस्तात येतो. कुठल्याही फॉरवर्डमध्ये तो नसतो.

आईच्या वहीत हळदीने झोपेत काही फरक पडलेला दिसला नाही. गुडघा सहावरून पाचावर आला, थांबवल्यावरही पाचावरच राहिला. रात्रीचं उठणं तीन वेळांवरून एकावर आलं, ते दूध लवकर घेतल्यामुळे. आता ती साडेआठला अर्धा पेला घेते, चिमूटभर हळद घालून, कारण तिला ती चव आवडते. एवढं कारण मला पुरतं. जायफळ पुरणासाठी राखून ठेवलंय.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर नवा फॉरवर्ड आला, रात्री लवंग चघळण्याचा. आईने चष्मा लावून तो वाचला आणि एका बोटाने टाइप करत खाली विचारलं, "किती? आणि किती दिवस?" काकूंच्या निळ्या टिक्स दिसतात. उत्तर अजून आलेलं नाही.